झिपरीबाईंचं ताट

अंगणवाडीचं पातेलं आज उघडतच नव्हतं. एरवी झाकणावर हात टेकला की ते अंगात रक्त किती आहे हे ओळखायचं, आणि सगळ्यांत अशक्त असेल त्याला आधी वाढायचं. आज बावीस मुलांचे हात टेकून झाले, तरी झाकण ढिम्म. आत शेवग्याच्या पाल्याची खिचडी होती आणि बाहेर मुलं भुकेने रडकुंडीला आली होती.

“बिघडलं मेलं!” म्हणत झिपरीबाईंनी तालुक्याला फोन लावला. त्या इथे सतरा वर्षं रांधत होत्या.

“बिघडलं नाही, बाई,” तिकडून तंत्रज्ञ म्हणाला. “कालपासून ते खोलीतल्या मोठ्यांनाही मोजतं. हात लावायचं कोण राहिलंय?”

“कुणी नाही. मीच तेवढी. पण रांधणारी कुठे आधी जेवते?”

“लावून तर बघा.”

त्यांनी संकोचत हात टेकला आणि झाकण उघडलं. मुलांनी टाळ्या पिटल्या. झिपरीबाई ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. दोन घास खाल्ले आणि सवयीने उरलेली खिचडी शेजारच्या कमळीच्या रिकाम्या ताटात सरकवली. पातेल्याशी जोडलेल्या ताटाने ते टिपलं. झाकण खटकन मिटलं.

चार वर्षांची कमळी उठली. तिने आपलं ताट उचलून सगळी खिचडी बाईंच्या ताटात परत ओतली, कमरेवर हात ठेवले आणि थेट झिपरीबाईंच्या रोजच्या आवाजात दरडावलं,

“दुसऱ्याला द्यायचं नाही. सगळं संपवायचं. मी इथेच उभी आहे.”