पाठकोरी पत्रं

"सुताराचा गम?" धाकटीचा आवाज चढला. "दादा, पत्रं आहेत ती! कपाटाच्या फळ्या नव्हेत!"

दादाने मोठ्या हौसेने आल्बम उघडून ठेवला होता. बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून त्याने त्यांची सगळी पत्रं जाड पुठ्ठ्यांवर चिकटवली होती. एकूण एक्केचाळीस. कडा सरळ, कुठे सुरकुती नाही. शाबासकीच्या आशेने तो उभा होता.

धाकटी बुकबाइंडर. जुने कागद जपण्यात वीस वर्षं गेलेली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिठाची खळ लावली असती, तर ओल देऊन कागद सोडवता आले असते. हा गम काही केल्या सुटायचा नाही, आणि जास्त पाणी लावावं तर शाई पसरणार. एक फोन करून विचारायला काय झालं होतं याला?

"मागे काय लिहिलंय, ते पाहिलंस तरी?"

"आईचं काहीतरी होतं. पण पत्रं बाबांची ना?"

आईचं काहीतरी! बाबा बारा वर्षं परगावी कारखान्यात होते. त्यांचं पत्र आलं की आई त्याच कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर उत्तर लिहून परत धाडायची. सासूकडे वेगळा कागद मागायला नको म्हणून. बाबांच्या दहा ओळी, आईचं पान गच्च. घरात तोंडातून शब्द न काढणारी बाई जे काही बोलली, ते तिथेच बोलली होती. धाकटी ते निवांत वाचणार होती. आणि या शहाण्याने नेमकं तेच पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं होतं.

तिने पातळ सुरी काढली. पहिल्याच कोपऱ्याला कागदाचा पापुद्रा निघाला. संतापाने तिचे डोळे भरून आले.

"बाबांचा शब्द न् शब्द जपलास. आणि आईला घातलंस पुठ्ठ्याखाली! लाज नाही वाटली?"

"माझ्या लक्षातच आलं नाही गं," दादा पुटपुटला.

आई इतका वेळ खिडकीजवळ बसून ऐकत होती. ती उठली. तिने लेकीच्या हातातली सुरी काढून घेतली.

"त्याच्यावर कशाला चिडतेस?" ती म्हणाली. "कारखान्यातून ह्यांची ट्रंक घरी आली, तेव्हा मी धाडलेली सगळी पाकिटं तिच्यात बंदच होती. मीच फोडली."