बानाबाईची हाळी

“हे कुणाला खरं वाटायचं नाय, शर्त लावून सांगतो,” मुंजाबानं मिशी पिळली. त्या उन्हाळ्यात सगळ्या मुलखातली माणसं नाहीशी झाली होती, कशानं ते कुणालाच कळलं नव्हतं. छावणीच्या बाजारात उरलेले चार-पाच जण त्याच्याभोवती बसले होते.

तो गंगापूरकडं मेंढरं चारायला गेला होता, म्हणून वाचला. पिशोरला परतला, तर चुली गार आणि दारं सताड उघडी.

तेवढ्यात त्याच्याच घरातून हाळी आली. बायकोची, बानाबाईची. मेंढरं तिच्याच हाळीला वळायची. भर दुपारी साठ मेंढरं त्या एका खोलीत शिरली, असं त्यानं सांगितलं.

“आलास तवा चाळीस म्हनला व्हतास. वाटंत व्याली का?” घोळक्यातला कारभारी हसला.

मुंजाबा हसला नाही. आत गेलेलं एकही मेंढरू ओरडलं नव्हतं. मग त्या आवाजानं त्यालाच बोलावलं, “मुंजाबा, ये की आत.”

बानाबाईनं नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यातसुद्धा घेतलं नव्हतं. तिच्या तोंडून ते एकदा ऐकावं, म्हणून तो तीस वर्षं झुरला होता.

“ती नव्हं, हे म्या वळखलं. उंबऱ्यावरूनच माघारी पळालो.”

म्हातारी कस्तुराबाई त्याच्याकडं बघत राहिली. “खोटं बोलतूस, मुंजाबा. एवढी आस असल्यावर कोन माघारी फिरंल? तू आत गेलास.” ती बसल्या जागी मागं सरकली. “मंग भाईर कोन आलं?”