बाभळीचे बाक

धोतर नेसलेला तो म्हातारा सलग तिसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर येऊन बसला, तेव्हा इन्ग्रिडने रंधा थांबवला आणि त्याच्याकडे पाहून हसली. तो हसला नाही. त्याची नजर रंध्याखालच्या लाकडावर होती.

इन्ग्रिड डेन्मार्कची. वय चौतीस, धंदा सुतारकीचा. रजा काढून, आधी स्वस्तातलं विमान आणि मग मुंबईहून दुसऱ्या वर्गाचा डबा, असं करत ती वर्ध्याला आली होती. तिथल्या आंजी गावाच्या पुढच्या या खेड्यात ती शाळेला बारा बाक करून देणार होती, तेही फुकट. उलट राहण्या-जेवणाचे पैसे तिनेच तिला पाठवणाऱ्या संस्थेकडे भरले होते. ज्यांच्या घरी ती उतरली होती त्या रूपरावांना हे कळलं, तेव्हा त्यांनी आपल्या मुलीला, काजलला, दोनदा विचारून खात्री करून घेतली. "म्हणजे काम बी इनंच कराचं अन् पैसे बी इनंच द्याचे?" त्या दिवसापासून त्यांची बायको आनंदाबाई तिच्या ताटात भाकर वाढताना नको म्हटलेलं ऐकून घेत नव्हत्या.

बारावी होऊन घरी असलेली काजल इन्ग्रिडसोबत दिवसभर शाळेत असायची. तिचं इंग्रजी पुस्तकातलं, पण काम भागायचं.

"त्यांना शिकायचं असेल तर विचार ना," इन्ग्रिड तिला म्हणाली. "मी आनंदाने शिकवीन."

काजल जागची हलली नाही.

"विचार की."

काजल पायरीजवळ गेली. "प्रेमदासकाका," ती हळूच म्हणाली, "ताई विचारून राह्यली, तुमाले शिकाचं हाये का?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "सांग तिले, मी शिकाले नाई आलो. मी या गावचा सुतार आहो. या शाळेचे बाक पंचवीस वर्सं मीच केले. औंदा सर म्हणे, नोको येऊ, पाहुणी फुकटात करून राह्यली."

"मंग रोज काऊन येऊन बसता?"

"घरी करमत नाई." मग फळीकडे बोट करून तो म्हणाला, "अन् ते बाभूळ आहे. रेषांच्या उलटा रंधा मारून राह्यली ते. पाहवत नाई."

काजलने मागे वळून पाहिलं. इन्ग्रिड उत्तराची वाट पाहत होती. काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. पाहुणीचं मन दुखवू नको, असं आईने बजावलंही होतं. पण काका तिच्याकडे बघत होते. तिने सगळं सांगितलं. शब्द अडले तिथे हातांनी. उलट्या रंध्याचंसुद्धा.

इन्ग्रिडचा चेहरा लाल झाला. निघण्याआधी तिच्या शहरात दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. पाणी उकळून प्या, डाव्या हाताने काही देऊ नका, खांदे झाका, हे सगळं तिने वहीत लिहून घेतलं होतं. हे काम तुमच्या आधी कोण करत होतं ते विचारा, असं तिथे कुणी म्हणालं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या लांबून आलात," काजल म्हणाली.

इन्ग्रिड रंधा ठेवून तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. गजेंद्र सर माणूस वाईट नव्हते. मजुरीचे पैसे दरवर्षीसारखे यंदाही आले होते. ते वाचले तर पोरांच्या पुस्तकांना एक कपाट घ्यावं, एवढाच त्यांचा हिशेब.

"कपाट आम्ही दोघं मिळून करून देतो," इन्ग्रिड म्हणाली. "पण बाकांचं काम त्यांचं. मी त्यांच्या हाताखाली."

काजलने ते मराठीत सांगितल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. मग स्वतःच उठून पायरीपर्यंत आले. "प्रेमदास, अवजारं घेऊन या. माझंच चुकलं."

प्रेमदास घरी गेला आणि गोणपाटात गुंडाळलेली अवजारं घेऊन आला. इन्ग्रिडने मांडलेल्या टेबलाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. जमिनीवर बैठक मारली, लाकडाच्या रेषांवरून अंगठा फिरवला, फळी उलटी करून दोन्ही पावलांत घट्ट धरली आणि रंधा चालवला. लांबच लांब, कुठेही न तुटलेली साल निघाली. इन्ग्रिडने ती उचलून उन्हात धरली.

मग तीही खाली बसली. तिच्याकडे लाकूड टेबलाला आवळून उभ्याने काम करतात. तिच्या पायांतून फळी दोनदा निसटली. खिडकीत जमलेली पोरं खिदळली, तशी तीही हसत सुटली.

"बूट काढ म्हणा आधी," प्रेमदास म्हणाला.

अनवाणी पायांत फळी राहिली. दुपारी त्याने तिची पटाशी हातात घेऊन धारेवर बोट टेकवलं, लगेच काढून घेतलं आणि बोटाकडे पाहिलं. "धार मात्र लावता येते हिले," तो काजलला म्हणाला. याचं भाषांतर तिने कुणी न सांगताच केलं.

शाळा सुटेपर्यंत एक बाक उभा झाला. प्रेमदासने त्यावर बसून पाहिलं, जरा सरकून पुन्हा बसून पाहिलं. इन्ग्रिड दोन्ही गुडघे चोळत भिंतीला टेकली होती. त्याने अवजारं गोणपाटात बांधली आणि निघता निघता काजलला म्हणाला, "सांग तिले, उद्या आठ वाजता येजो. उशीर केला त अर्धीच हजेरी लावीन."