पंख जरा वर

"पंख जरा वर," सर म्हणाले.

नवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच पंख काल त्यांनी खाली घ्यायला लावला होता. ती तोंड उघडणार एवढ्यात सरांनी कागद ओढला, कोपऱ्यात बासष्ट आकडा घातला आणि टेबलाच्या खणात टाकला.

"मी घेऊन जाते ना हे. उगाच तुमच्याकडे पसारा."

"राहू दे."

सरांच्या डिझाइन स्टुडिओत काम आलं होतं एका वाचनालयाच्या बोधचिन्हाचं. शाईने काढलेला एक पक्षी, बस्स. बाकीचे संगणकावर कामं उरकून वेळेवर घरी जायचे आणि ही तीन आठवडे पातळ कागदांवर पक्षी काढत बसली होती. रोज तीन-चार, त्याच मापाचे, पानावर त्याच जागी. शाळेत उठाबशा काढायला लावतात तशातलाच प्रकार. तिची दोन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती, आणि वाचनालयाची माणसंही आजच चार वाजता येणार होती.

आईचा सकाळपासून तिसरा फोन आला. "झालीस का गं कायम? मावशीला मी सांगूनसुद्धा टाकलंय."

"आई, आधी पक्षी तर होऊ दे."

"कसला पक्षी?"

नवीने फोन ठेवला.

सरांचं एक वेड होतं. रोज सकाळी सगळ्यांना पडद्यासमोर बसवून ते दोन-दोन मिनिटांच्या फिल्म दाखवायचे. मातीच्या बाहुल्यांच्या, कातरलेल्या कागदांच्या, नुसत्या रेघांच्या. त्यांतली एक, वाऱ्याशी भांडून शेवटी आपली आपण चालू लागणाऱ्या छत्रीची, नवीला फार आवडायची. सर ती मध्येच थांबवायचे आणि म्हणायचे, "बघा. कुठेही थांबवा, पोस्टर तयार आहे." नवीला ते पटायचं. पण टेबलाशी परत आलं की बोटं नुसती चुळबुळत राहायची.

जेवताना अक्षरवाल्याने भर घातली. तो शेजारच्या टेबलावर अक्षरं काढायचा आणि तिथला जुना माणूस होता.

"तुझ्याआधी एक होती," तो घास चावत म्हणाला. "तिचाही असाच गठ्ठा साठला होता खणात. एका शुक्रवारी सरांनी तो पाहुण्यांसमोर ठेवला म्हणे."

"मग?"

"मी रजेवर होतो. आलो तर तिचं टेबल रिकामं. सरांना विचारलं तर नुसते हसतात."

नवीने डबा झाकला. म्हणजे खणातला गठ्ठा यासाठी होता तर. ही पोरगी किती वेळा नापास झाली ते चारचौघांत मोजून दाखवायला.

दोन वाजता तिने आणखी एक पक्षी सरांपुढे ठेवला. सरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मग त्यांनी त्रेसष्ट आकडा घातला आणि कागद तिलाच परत दिला.

"झालं. हा तुझ्याजवळ ठेव, चारला लागेल."

पसंत! नवीला उडी मारावीशी वाटली. पण लगेच खण आठवला. पक्षी पसंत झाला तरी तो गठ्ठा होताच.

तीनला सर बैठकीची खोली लावून घ्यायला गेले. खणाला कुलूप नव्हतं. गठ्ठा नुसता लपवायचा असंच तिच्या मनात होतं. पण एकापासून बासष्टपर्यंतचे आकडे बघितले आणि इतक्या वेळा नापास झाल्याची तिला लाज वाटली. झेरॉक्सच्या खोलीत रद्दी कागदांच्या बारीक पट्ट्या करायचं मशीन होतं. कागद पातळ, त्यामुळे बासष्टच्या बासष्ट पक्षी गिळताना ते कुरकुरलंही नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

चार वाजता अध्यक्षबाई आल्या, सोबत त्यांचे चिटणीस. नवीने त्रेसष्टावा पक्षी टेबलावर ठेवला. बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "सुरेख!"

"पाटीवर हा बसेल," सर म्हणाले. "बाई, तुम्ही ती छत्रीची फिल्म बघून आमच्याकडे आलात ना? ती जिने काढली तिला मी शेवटपर्यंत काही कळू दिलं नव्हतं. हिलाही नाही. हलणारं चित्र काढ म्हटलं की हात घाई करतो, म्हणून एकेक सुटं काढून घेतो. तिला तर फिल्मवाल्यांनी तिसऱ्या दिवशी पळवलं. हिला मी सोडणार नाही, कायम केल्याचं पत्र खिशातच आहे."

"म्हणजे हा उडतो?" बाईंनी विचारलं.

"सोमवारी पडद्यावर उडेल. आज अंगठ्याने भराभर पानं सोडून दाखवतो." सर नवीकडे वळून हसले. "जा गं, माझ्या खणातला तुझा गठ्ठा घेऊन ये."