पास्कूची जागा

कबरी खणणाऱ्या सोनबाने कुदळ उचलली, तसा पास्कू आडवा आला.

"थांबा. राहू दे त्याला इथेच."

पेशव्यांच्या तोफखान्यातल्या ख्रिस्ती गोलंदाजांसाठी पुण्यात बांधलेल्या त्या लहानशा इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात आंजेलबाईंच्या घरच्या तीन कबरी होत्या. नवऱ्याची, लेकीची आणि मुलाची, पास्कूची. हडपसरच्या लढाईत दारूचा पेटारा उडाला, तेव्हा गाड्यातून आणलेल्या त्या प्रेताला चेहरा उरला नव्हता. आंजेलबाईंनीच ते न्हाऊ घातलं. "माझाच आहे," म्हणाल्या आणि बापाशेजारी त्याला पुरलं.

पाच वर्षांनी पास्कू दारात उभा राहिला. गालांवर भाजल्याचे व्रण, छातीपर्यंत दाढी. मिसरूड फुटायच्या आत छावणीत गेलेलं पोर, आळीतल्या कुणाला धड आठवतही नव्हतं. होळकरांच्या फौजेने धरून माळव्यात नेलं होतं, म्हणाला. म्हातारीने त्याला पोटाशी धरलं, तेव्हा बघणारेही रडले. त्याने घराचं छप्पर शाकारलं. तिला घास भरवला. ती पुन्हा हसू लागली.

प्रश्न उरला तो कबरीतल्या परक्याचा.

"घरच्यांच्या रांगेत घरचेच हवेत," पाद्रीबाबा म्हणाले. "त्याला कुंपणाकडे हलवू. ही जागा तुझी, पास्कू."

"मला नको." तो कबरीपुढून हलेना. "त्याला हात लावू नका. हवं तर उद्या मला कुंपणाशी पुरा."

"परक्यासाठी एवढा जीव!" सोनबा पुटपुटला. "आम्हाला घरचे विचारत नाहीत."

एवढ्यात आंजेलबाई काठी टेकत आल्या.

"पाद्रीबाबा, तो इथेच राहील. आता आम्हा मायलेकांना जरा बसू द्या."

पाद्रीबाबांनी मान डोलावली. सोनबाने कुदळ खांद्यावर टाकली. दोघे निघून गेले.

म्हातारी कबरीशी बसली. त्यालाही तिने शेजारी बसवलं आणि मातीवरचं गवत उपटू लागली.

"शेवटी फार त्रास झाला का रे त्याला?"

"कुणाला, माय?"

"माझ्या पास्कूला."

त्याने मातीवर हात टेकला. तिने तो आपल्या हातात घेतला.

"चल, घरी पेज निवतेय. पण आधी सांग, बाळा, तुझं नाव काय?"