एका हातात धरता येईल असा

“ह्यो नगं. लई जड हाय,” म्हणत मथुराबाईंनी टॅब काउंटरवर परत ठेवला. “पडून बगायचाय मला. हात अवघडला तर तोंडावरच पडंल की.”

गुरु नव्या पेठेतल्या त्या दुकानात बरीच वर्षं मोबाईल विकत होता. पण पडल्यापडल्या धरता येईल असा टॅब मागणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं. त्यानं कपाटातून दुसरा काढला.

“मावशी, ह्याला वजन कमी आहे. पण स्क्रीन लहान. पिक्चर बारीक दिसणार.”

“दिसू दे बारीक. एका हातात धराय आला पायजे. दुसऱ्या हाताला सलाईन आसतंय.”

गुरुनं मान वर केली. “दवाखान्यात न्यायचाय का?”

“व्हय. सोमवारी जायचंय. आपरेशन हाय माजं.” पाहुण्यांकडं जायचंय म्हणावं तितक्या सहज त्या बोलल्या.

त्यांची सून वैजयंती शेजारी स्टुलावर बसली होती. एवढ्या उन्हातही तिच्या ड्रेसच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, तशा मथुराबाई केम गावची शेती दिराच्या हवाली करून भवानी पेठेत लेकाकडं राहायला आल्या होत्या. लेक कुंडलिक टॉवेलच्या कारखान्यात. त्याला सारखी सुट्टी मिळायची नाही. मग तपासण्यांना सासू-सून दोघीच रिक्षानं जायच्या, दोघीच परत यायच्या. वैजयंतीचा चेहरा या सगळ्यात सुजल्यासारखा, ओढलेला दिसायला लागला होता.

“आत्या,” ती म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. “फोनवर दिसतात की पिक्चर. कशाला उगं खर्च?”

“फोनवर बगून डोळं जात्यात. आन मला वाचायचं बी हाय.”

“वाचायचं? तुम्हाला?”

“का? म्या वाचू न्हाय व्हय?”

आत्यांनी चौथीनंतर पुस्तक हातात धरलेलं नव्हतं, हे वैजयंतीला ठाऊक होतं. घरात वाचायचा नाद तिला एकटीला. भाजी शिजेपर्यंतसुद्धा ती ओट्याला टेकून चार पानं वाचून घ्यायची आणि त्यावरून मथुराबाईंची बोलणीही खायची.

गुरुनं दोन टॅब शेजारी-शेजारी मांडले. “वाचायचं असेल तर खरं सांगतो मावशी, हा सगळ्यात स्वस्तातला घेऊ नका. ह्याच्यात अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. त्याच्या वरचा हा घ्या. गेमला हळू चालेल, पण वाचायला आणि पिक्चरला बास झाला. कार्ड घालायची सोय आहे. घरून पिक्चर भरून न्यायचे, मग नेट असू दे नाहीतर नसू दे.”

“पुस्तकाचं पान काड बगू त्येच्यावर.”

गुरुनं पान उघडून दिलं. मथुराबाईंनी टॅब सरळ सुनेपुढं धरला.

“वाच.”

“मी कशाला? तुम्ही बघा.”

“माजा चष्मा घरी ऱ्हायला. डोळ्याला तरास व्हतोय का तेवडं सांग.”

वैजयंतीनं दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. पुढच्या मनातल्या मनात वाचल्या. मग बोट सरकवून तिनं पान उलटलं, आणखी एक उलटलं. मथुराबाई टॅबकडं बघतच नव्हत्या. त्या सुनेच्या तोंडाकडं बघत होत्या.

“ह्योच द्या,” त्या गुरुला म्हणाल्या.

तेवढ्यात दुकानात चहा आला. वैजयंतीनं हातानंच नको म्हटलं. मथुराबाईंनी आपला कप संपवला आणि सुनेचाही पुढं ओढला. “दवाखान्यात असला च्या कुटं मिळायचा?”

गुरु हसला. टॅबला कव्हर चढवता चढवता म्हणाला, “काळजी करू नका मावशी, सगळं नीट होईल. आणि ताई आहेत की तुमच्यासोबत. अशी सून मिळायला नशीब लागतं.”

वैजयंतीचे डोळे एकदम भरून आले. ती काहीतरी बोलणार होती.

“व्हय व्हय, बिल करा लवकर,” मथुराबाई म्हणाल्या. “रिक्षावाला थांबलाय.”

दोघी रिक्षात बसल्या. पेठेच्या वळणावर वैजयंती हळूच म्हणाली, “आत्या, अजून वेळ आहे. डॉक्टर म्हणालेत ना, शेवटच्या मिनिटालासुद्धा नाही म्हणता येतं. कुणी काही बोलणार नाही तुम्हाला.”

“म्या कशाला न्हाय म्हनू?”

“भीती नाही वाटत?”

“वाटती की. भुलीची सुई वाटती. बाकी काय न्हाय.” त्यांनी टॅबची पिशवी मांडीवर सरळ केली. “तुला वाटती का?”

वैजयंतीनं हो म्हणून मान हलवली.

“मग हात धर,” मथुराबाई म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत तो सोडला नाही.

सोमवारी कुंडलिकनं रजा टाकली होती. तो दवाखान्यात खाली कागदांवर सह्या करायला थांबला आणि दोघी लिफ्टनं वर येऊन बाकावर बसल्या. मथुराबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. वैजयंतीनं देवाचा अंगारा पुडीतून काढून आधी त्यांच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या.

नव्यानं ड्युटीवर आलेली एक नर्स चाकाची खुर्ची ढकलत आली. दोघींकडं एकवार बघून तिनं मथुराबाईंचा दंड धरला. “चला आजी, बसा सावकाश. आणि ताई, तुम्ही इथंच थांबा. नातेवाइकांना आत सोडत नाहीत.”

मथुराबाईंनी तिचा हात बाजूला केला आणि खुर्ची वैजयंतीकडं वळवली.

“मला कुटं बसवताय सिस्टर? म्या ठनठनीत हाय. आजारी सून हाय माजी. म्या निस्ती तिला किडनी द्याय आलीया.”