अष्टमीचा व्हिडिओ

"आधी ती कमेंट उडव," विपुलशेठ म्हणाला. "मग चहा पी."

नेत्राच्या हातातला कप तसाच राहिला. शेठने मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. ऑफिसच्या नव्या पेजवरचा व्हिडिओ. खाडीकाठची जमीन, ड्रोनने वरून घेतलेली, कोरडी ठणठणीत. मागे बासरी. कॉम्प्युटरचा पुरुषी आवाज म्हणत होता, 'तुमचं स्वप्नातलं घर, खाडीच्या कुशीत.' आणि त्याखाली दोन ओळी.

'हा विडियो अष्टमीचा हाय. पुनवेला बगाय या. हितं गुडघाभर पानी आस्तं...'

"कोण ही सगुणा म्हात्रे?" शेठ म्हणाला. "फोटोत नुसते बाळाचे पाय. आणि अष्टमी म्हणे! हिला काय ड्रोनमधून पंचांग दिसतं?"

ते पाय नेत्राच्या लेकीचे, ठमीचे होते. पायांतले वाळे तिनेच रेवदंड्याहून आणले होते. सगुणा म्हात्रे तिची आई.

चौल नाक्यावरच्या शेठच्या इस्टेट एजन्सीच्या गाळ्यात भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलेला होता, नेत्राच्याच अक्षरातला. मालकाला विचारल्याशिवाय घराचा व्हिडिओ घ्यायचा नाही. गिऱ्हाइकाला उलट बोलायचं नाही. दुसऱ्या एजंटच्या व्हिडिओखाली आपला नंबर टाकायचा नाही. शेवटचा नियम मागाहून वाढवलेला, वेगळ्या पेनने. घरच्यांनी खाली काही लिहायचं नाही.

तो आईमुळेच आला होता. गेल्या वर्षी नेत्रा एका बंगल्यासमोर उभी राहून अगदी अदबीने बोलत होती, आणि आईने खाली लिहिलं होतं, 'बाय जेवलीस का? ठमीनं दूध पिलं.' दोनशे जण हसले. त्या दिवशी नेत्राने आईकडून शब्द घेतला. आईने तो पाळला. दुपारी ठमीला मांडीवर झोपवताना ती लेकीचा प्रत्येक व्हिडिओ बघायची, अंगठा दाबायची आणि गप्प बसायची.

मग आजच का?

ऑफिसचं हे इंग्रजी नावाचं पेज तर आठवड्यापूर्वीच उघडलेलं. त्यावर नेत्राचा चेहरा नव्हता, आवाज नव्हता, नावही नव्हतं. तसं तिनेच शेठला सुचवलं होतं. का, ते तिने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

"ठाण्याची पार्टी पुढच्या रविवारी येतेय," शेठ म्हणाला. "ही जमीन गेली की आगरदांड्याचं नवं ऑफिस तुझं. बोर्डावर तुझं नाव. आणि तू एका बाईच्या दोन ओळी धरून बसलीस?"

बोर्डावर नाव. नेत्राने तो बोर्ड मनात कितीदा तरी लावला होता. ठमीला कडेवर घेऊन एकेका अक्षरावर तिचं बोट ठेवायचं, हा ने, हा त्रा.

शेठला भरती-ओहोटी कळायची, पण भांग कळत नव्हता. अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो, पाणी अर्ध्यावरूनच परततं, तो भांग. नेत्राला तो आईने शिकवला होता. आईने लग्नाआधी याच जमिनीच्या बांधावर चिखलाच्या पाट्या वाहिल्या होत्या. पुढे बांध कोपऱ्यात फुटला, तो कुणी पुन्हा घातला नाही. पुनवेला आणि अवसेला खाडी आत येते, हे नेत्राला पक्कं ठाऊक होतं. ड्रोनवाल्याला दिवस तिनेच दिला होता. अष्टमीचा.

"चल, उडव," शेठ म्हणाला.

नेत्राला आईचा राग आला. चारचौघांत पुन्हा तेच. शब्द दिला होता ना? तिने कमेंटवर बोट ठेवलं. घाईत ते खालच्या 'आणखी वाचा'वर पडलं. मजकूर उलगडला.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. चहावर साय धरली. तिने आपल्या मोबाईलमध्ये त्या मजकुराचा फोटो काढून घेतला, आणि मग शेठच्या मोबाईलवर दोनदा बोट टेकवलं.

"झालं?"

"झालं. व्हिडिओच काढून टाकला."

शेठ ताडकन उठला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मंगळवारी पुनव आहे, शेठ. मी स्वतः त्या पाण्यात उभी राहते. माझ्या तोंडाने बोलते, खाली माझं नाव टाकते. पाणी कुठवर येतं, बांध घालायचा तर कुठून घालायचा, सगळं सांगते. ज्याला घ्यायचीय तो ते बघून घेईल."

"आणि पार्टीने ते बघून तोंड फिरवलं तर? आगरदांडा?"

"ते तुम्ही ठरवा."

शेठने कपाळाला हात लावला. "अगं, कुणा एका अडाणी बाईच्या दोन ओळींसाठी?"

"अडाणी नाही. खाडीचं पाणी बघून तिथी सांगते ती. माझी आई आहे." नेत्राने मान वर केली. "आणि ओळी दोन नाहीत, शेठ. तुम्ही पूर्ण वाचलंच नाहीत."

तिने आपला मोबाईल टेबलावर सरकवला. शेठने चष्मा चढवला आणि जिथे मघाशी थांबला होता तिथून पुढे, एकेक शब्द लावत, मोठ्याने वाचू लागला.

'...माजी पोरगी नेत्रा पन ह्याच धंद्यात हाय. ती आसं पानी लपवत न्हाय. जमीन घ्याची तर तिला इचारा.'